हातोडी लांब!

मी एक जुना टॅब आहे, मित्रांनो. ‘मित्रांनो’ म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो, नाहीतर तुमची बोटं मला चांगली ठाऊक आहेत. खाऊन न धुता तशीच काचेवर फिरवायची आणि वर ‘हा फार हँग होतो’ म्हणून माझ्याच नावाने बोंब मारायची! माझं नशीब म्हणून मी तुमच्या हाती पडलो नाही. मी डोंगरांचे नकाशे काढायला जन्मलो.

जन्म कारखान्यातला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. तिथून मी खडकांचा अभ्यास करणाऱ्या एका खात्याच्या कचेरीत आलो. साहेबांनी खोकं फोडलं, सगळे भोवती जमले आणि ‘आता कागद-पेन्सिल बंद’ म्हणत टाळ्या वाजवू लागले. त्यातल्या निम्म्या लोकांना मला सुरू कसं करायचं तेही येत नव्हतं.

मी एका बाईंच्या वाट्याला आलो. काम काय, तर झुडपांतून डोकं वर काढलेला खडक शोधायचा, मला त्याच्या अंगावर टेकवायचं आणि काचेवर टिचकी मारायची. खडकाचे थर कुठल्या बाजूला कललेत ते मी ओळखायचं आणि नकाशावर तसा बाण काढायचा. माझ्या पोटात होकायंत्र, आकाशातल्या उपग्रहांशी माझी ओळख, आणि मला बसवायचं कुठे? शेवाळलेल्या दगडावर! ही माणसं दगड चाटून बघतात, मित्रांनो. चाटून! मग त्यांच्याबद्दल आदर कुठून वाटावा? ऊन असलं की काच दिसत नाही, म्हणून बाई डोक्यावरून जाकीट ओढून आत मला बघत बसायची. पाण्याचे थेंब पडले की मी नको तिथे रेघा ओढायचो. थेंब आणि बोट एकच समजणारी काच ज्याने बनवली त्याला विचारा, मला नका विचारू.

बाईचा बाप त्याच खात्यातून निवृत्त झालेला. गुडघे कामातून गेलेले, पण तोरा शाबूत. त्याच्याकडे एक पितळी होकायंत्र होतं, ते तो रोज पुसायचा. लोखंडी हातोडी जवळ आली की त्यातली सुई भलतीकडे वळते, म्हणून हा गृहस्थ नोकरीभर लोकांवर ओरडत आला, “हातोडी लांब!” आताचे साहेब तेव्हा त्याच्या हाताखाली होते, त्यांनीही ते कितीदा ऐकलेलं. घरी कुणी वर्तमानपत्रावर कप ठेवला तरी हा खेकसायचा, “हातोडी लांब!”

मला बघून त्याने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं.

“या पाटीने डोंगर मोजणार तू? पडली की संपली.”

“तुमचं होकायंत्र नव्हतं का पडत, बाबा?”

“पडायचं. पुसलं की चालायचं.”

आणि मी पडलोच. म्हणजे बाईने पाडलं. कोपऱ्याला तडा गेला आणि बाईचं तोंड एवढंसं झालं. आता म्हातारा ‘सांगितलं नव्हतं?’ म्हणून डोकं खाणार, असं मी धरून चाललो होतो. पण हा ते गुडघे घेऊन बाजारात गेला आणि माझ्यासाठी चामड्याचं कव्हर घेऊन आला. छान शिवलेलं, झाकणाचं. झाकण मिटलं की ‘टक’ करून आपोआप बसायचं.

“घे, तुझ्या पाटीला कपडे,” तो म्हणाला.

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी आपल्या कामाचं कौतुक करायची ही पहिलीच वेळ म्हणे. एका कव्हराचं केवढं ते नाटक!

तेव्हा आमचं काम एका डोंगरावर चाललं होतं. त्याच्या पायथ्याशी वस्ती होती आणि पायथा कापून तिथून रस्ता न्यायचा होता. थर बाजूच्या नाल्याकडे कललेले असतील तर कापायला हरकत नव्हती. वस्तीकडे कललेले असतील तर मात्र खालचा आधार गेला की वरचे थर घसरून घरांवर येणार. मग आधी माणसं हलवायची, रस्त्याचं नंतर बघायचं. हे बाईच्या नकाशावरून ठरणार होतं.

कव्हर येण्याआधी वरचा अर्धा डोंगर झाला होता. तिथले सगळे बाण वस्तीकडे होते. कव्हर आल्यावर उरलेला, पायथ्याकडचा अर्धा केला, तिथले सगळे बाण नाल्याकडे. मी काचेवर स्वच्छ लिहिलं होतं, ‘होकायंत्र पुन्हा जुळवा.’ त्यासाठी मला हातात धरून हवेत आठचा आकडा काढावा लागतो. बाईने बोटाने सूचना उडवून लावली. धुकं होतं, खडक थोडाच उघडा होता, कल चटकन कळत नव्हता, सगळं मान्य. पण देवाने डोळे दिले होते ना? ते माझ्यावर होते.

“बाबा, वळी सापडली!” ती घरी येऊन नाचायचीच बाकी होती. “डोंगराच्या मध्यावर थर चक्क वळलेत. वस्ती वाचली!”

म्हाताऱ्याचीही छाती फुगली. नकाशा साहेबांकडे गेला, साहेबांकडून वर गेला. पायथ्याशी यंत्रं येऊन उभी राहिली.

मग एका सकाळी म्हाताऱ्याने नकाशा बघायला मला सहज हातात घेतलं.

“या डोंगराने इथेच कूस का बदलली गं?”

“वळी आहे ना, बाबा.”

“हं.” त्याने झाकण मिटलं. टक. उघडलं, पुन्हा मिटलं. टक. मग तो उठला, कपाटातलं होकायंत्र आणून माझ्याशेजारी ठेवलं. सुई गर्रकन फिरली आणि माझ्या झाकणाकडे बघत थांबली. झाकणात चुंबक होता.

“हातोडी लांब,” तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात.

दुसऱ्या दिवशी तो डोंगर चढला. बाई म्हणत होती, “बाबा, गुडघ्यांचा तरी विचार करा.” तो म्हणाला, “गुडघे माझे आणि कव्हरही माझंच.” मी पिशवीत पडून ऐकत होतो. पितळी होकायंत्राने त्यांनी एकेक खडक पुन्हा मोजला. वळी कसली आणि काय! सगळे थर वस्तीकडे कललेले होते.

दोघं तडक साहेबांकडे गेली.

“नकाशा वर गेलाय, मॅडम. आता चुकला म्हणून सांगू? कशाने चुकला म्हणू?”

“माझ्याने. सूचना आली होती, मीच उडवली.”

“कव्हर मी आणलं,” म्हातारा म्हणाला. “तिच्या होकायंत्राला चुंबक मी बांधला. मी.”

साहेबांना हसता आलं असतं. इतक्या वर्षांचा हिशेब तिथल्या तिथे चुकता झाला असता. पण त्यांनी फोन उचलला आणि यंत्रं थांबवली.

वस्ती हलली. ‘डोंगर तर जागच्या जागी आहे, मग घरं कशाला सोडायला लावली?’ म्हणत लोक बाईला शिव्या देत गेले. नकाशा चुकला म्हणून खात्याने तिला डोंगरावरून काढून टेबलावर बसवलं. म्हातारा आता ओरडत नाही. वर्तमानपत्रावर कप दिसला की मुकाट्याने उचलून बाजूला ठेवतो. ते बाईला सहन होत नाही. ती मुद्दाम तिथे कप ठेवते आणि वाट बघते.

मी बाईच्या टेबलाच्या खणात असतो. तिने भाजी चिरायच्या सुरीने झाकणातला चुंबक कापून काढला आणि तेच फाटकं कव्हर मला परत घातलं. झाकण आता लागत नाही, धूळ आत येते.

इथे ‘मला जपा’ म्हणायचं असतं, मित्रांनो. मी म्हणणार नाही. मला जपायला गेले, म्हणून घरं डोंगराखाली जाणार होती. मला पाडा, फोडा, माझं काही म्हणणं नाही. फक्त खडकावर ठेवाल तेव्हा खडकाकडेही बघा. आणि हे भोक पडलेलं कव्हर तेवढं काढू नका. म्हातारा ते गुडघे घेऊन बाजारात गेला होता.