सुरुंगाआधीची घंटा

मित्रांनो, मी काशाची एक म्हातारी घंटा आहे. पेणच्या ओताऱ्याने मला ओतले, तेव्हा वाटले होते, आता जन्मभर कीर्तन ऐकायचे. बुवांनी आख्यानाला हात घालावा आणि मी मंडपात डुलत राहावे! पण मला विकत घेतले ते खालापूरच्या डोंगरात खडी फोडणाऱ्या एका कंपनीने. साल एकोणीसशे सव्वीस.

सुरुंगाची वात पेटली की मुकादम मालोजी मला बडवणार आणि माणसे दूर पळणार, एवढेच माझे काम.

पहिल्याच दिवशी मी खणखणले, तर वरच्या ठाकरवाडीतल्या बाया धावत खालीच आल्या! पुढे मंगळी, हातातल्या द्रोणात तांदूळ. मालोजीने झेप घालून वात उपटली म्हणून निभावले.

"घंटा ऐकू नाय आली काय गं?" तो ओरडला.

"ऐकली म्हून तर आलो! वाटलं, देव बसवला. कुठं हाय तुझा देव?"

सुरुंगाचे कळले मात्र, मंगळी थेट सुरुंग भरलेल्या भोकावर जाऊन बसली. "आमच्या डोंगरात आलात नि आमाला इचारलं नाय. बलव तुझ्या साहेबाला."

"साहेब हितं येतो व्हय, येडे?"

"मग मी हाय नि हा दगड हाय."

दोन दिवस वाडी आळीपाळीने तिथे बसली. तिसऱ्या दिवशी साहेब आला. मंगळी उठेना, तेव्हा तोच खाली टेकला. ठरले ते असे: झऱ्याच्या अंगाला सुरुंग नाही. आणि घंटाही नाही. वाघ दिसला की वाडीत ढोल वाजे, तोच आता सुरुंगाआधी वाजायचा. सगळे घरात आले की मंगळीने तो थांबवायचा, मगच वात पेटायची.

"आन् ढोल थांबलाच नाय तर?" मालोजीने विचारले.

"तर तू थांब."

मला खांबावरून उतरवून कोठीच्या दारात टाकले. धूळ बसली, वाईट वाटले. पण एका सकाळी ढोल वाजतच राहिला. साहेबाने घड्याळ पाहिले, पुन्हा पाहिले. "पेटव," तो म्हणाला.

"नाय साहेब. ढोल वाजतोय," मालोजी म्हणाला.

ऊन डोक्यावर आले. तेव्हा खाणीच्या कड्याखालून कंदांची पाटी घेऊन वाडीतली म्हातारी भागी हळूहळू वर आली नि घरात शिरली. ढोल थांबला. साहेबाने टोपी काढून कपाळ पुसले.

मित्रांनो, मला घासूनपुसून लख्ख ठेवा, असे मी म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या डोंगरात काम काढाल, तर आधी त्यांच्या दारी जाऊन विचारा. आणि तिकडे ढोल वाजत असेल, तोवर हातातली काडी ओढू नका.