पाहोएहोए

कुवेतच्या बाजारात सोनं मिळत होतं, घड्याळं मिळत होती. वरवंटा मात्र मिळत नव्हता. जमिला रत्नागिरीहून पाटा-वरवंटा घेऊन निघाली होती. बोट लांब समुद्रात थांबली, होडीत उतरताना पाटा वाचला आणि वरवंटा बुडाला. "वाटलेल्या मसाल्याबिगर मी कालवण करायची नाय. वरवंटा आणा, नायतर पुढच्या बोटीनं मी चालले," तिने नवऱ्याला, सिराजला, बजावलं. चार वर्षं मिनतवाऱ्या करून आणलेली बायको! सिराजने पुन्हा सारा बाजार पालथा घातला.

पण सिराज काही साधासुधा खानसामा नव्हता. कुवेतच्या दस्मान भागात तो ज्या तेल कंपनीच्या साहेबाकडे स्वयंपाक करी, तो हवाई बेटांवर वाढलेला. ज्वालामुखीच्या दगडांचं कपाटच होतं त्याच्याकडे, आणि प्रत्येकाचं तिथल्या भाषेतलं नाव तो सिराजला ऐकवी. खडबडीत, पाय फाडणारा तो 'आआ'. वाहता वाहता वळ्या पडून थिजलेला, गुळगुळीत तो 'पाहोएहोए'. काळा, ठोस, कंद कुटायला वापरतात तो 'अला'. सिराजने नावं घोकून पाठ केली होती आणि जुम्म्याला गाववाल्यांच्या बैठकीत ती म्हणून दाखवून तो भाव खात असे.

तेवढ्यात साहेबाची बदली झाली. "एक दगड तुला. कुठला हवा?" त्याने विचारलं.

सिराजने 'अला' हातात घेऊन पाहिला. छे! असले काळे धोंडे गावच्या नदीत म्हशी डुंबतात तिथे पडलेले. हवाईचा दगड हवाईचा दिसायला नको? शिवाय वरवंटा गुळगुळीतच लागतो. त्याने चकाकणारा पाहोएहोए मागितला. अला साहेबाच्या माळ्याने, नझीरने, नेला. त्याला एकही नाव येत नव्हतं.

जमिलाने मिरच्या-खोबरं पाट्यावर घेतलं. दोन हात मारले तोच दगडाच्या कपच्या मसाल्यात उतरल्या आणि आतून नुसती भोकं निघाली. कालवणात कचकच. सिराज कपच्या वेचत वेचत जेवला.

जमिला परतली नाही, पण ते त्याच्यामुळे नव्हे. नझीरच्या बायकोकडे, असमाकडे, वरवंटा आल्याचं तिला कळलं. "अगदी आपल्या नदीतल्यासारखा!" म्हणत ती रोज तिथे वाटायला जाऊ लागली आणि रमली.

एका संध्याकाळी ती मोरीत बसून सिराजच्या दगडाने टाचा घासत होती.

"नाव काय म्हनालात याचं?"

"पाहोएहोए," सिराज पडेल आवाजात म्हणाला. "म्हणजे गुळगुळीत."

जमिलाने टाच निरखून पाहिली. "व्हय," ती म्हणाली, "होतायत खऱ्या."