लाल ट्यूबचं पाणी

सासरच्या दाराला गं, नाही कडी, नाही कोंडा
निघंना गं पाय माझा, कुणी बांधियला धोंडा

आत्याचा, कौसाबाईचा आवाज. बारवी धरणाच्या अंगाला, आवणीच्या चिखलात वाकलेल्या बायांच्या रांगेतून तो उठायचा. कुमुदिनी तेव्हा नऊ वर्षांची. भाताच्या रोपांच्या मुठी पुरवता पुरवता तिला हसू यायचं. कडी नाही, तर निघून जावं ना सरळ! यात रडण्यासारखं काय आहे?

आज उल्हासनगरात, चार नंबर कॅम्पातल्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, ती खरोखरच अडकली होती. तिच्या नवऱ्यानं, संदीपनं, हरेशभाईंचा जुना प्रोजेक्शन टीव्ही भिंतीपासून ओढून फिरवला, आणि कपाटाएवढं ते धूड दारातच बसलं. पडदा बाहेर गॅलरीकडं, पाठ आत. आत हे दोघं, बाहेर घराचा मालक.

"संदीप, तू अंदर, मी बाहेर," हरेशभाई टीव्हीच्या डोक्यावरून चहाचे कप आत देत म्हणाले. "घर कुणाचं आहे रे?"

"आजच्या दिवस माझं. तुम्ही बेल वाजवून यायचं."

"अदी, तुझा नवरा फार बोलतो," सिंध्यांच्या रीतीनं तिला बहीण म्हणत ते हसले. "पण हात सोन्याचा. सगळे म्हणाले, भंगारात टाका. आठ महिने धुक्यात बघतोय मी. हिरो कोण, म्हैस कोण, कळत नाही."

संदीप हसला. पाठीचं झाकण काढून त्यानं तिन्ही ट्यूब चाचपल्या. लाल, हिरवी, निळी. प्रत्येकीच्या तोंडाशी वाटीभर पाणी असतं, तापलेल्या काचेला थंड ठेवणारं. वर्षं गेली की त्यात शेवाळ धरतं आणि चित्र पुसट होतं. जुनं पाणी काढायचं, वाटी धुवायची, नवं भरायचं. संदीपची स्वतःची एक पद्धत होती. लाल ट्यूबच्या पाण्यात तो थेंबभर लाल रंग घालायचा, हिरवीच्या पाण्यात हिरवा; निळीला साधंच. रंग उठून दिसतात म्हणायचा. खोकल्याच्या औषधाच्या तीन सारख्या बाटल्यांत ते पाणी घरूनच भरून आणायचा.

त्याचे हात ट्यूब जागेवरून ओळखत होते. बाटल्या ओळखत नव्हते.

गेल्या दिवाळीत तो अंगणातल्या रांगोळीवरून चालत आला होता आणि तळव्याला रंग घेऊन उंबऱ्यात उभा राहून म्हणाला होता, "यंदा रांगोळी नाही काढलीस?" कुमुदिनीनं पाय पुसायला फडकं दिलं. म्हणाली, "वेळ नाही झाला." बस, त्या दिवसापासून ती पिशवी घेऊन त्याच्यासोबत कामाला निघाली. बाटल्या भरायच्या वेळी जवळ थांबायची. कामावर त्या एका ओळीत मांडायची: डावीकडे लाल, मध्ये हिरवी, उजवीकडे साधी. त्यानं कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. बेलवलीतल्या, घराशेजारच्या बाया म्हणायच्या, काय बाई जोडी, सावलीसारखी! सावलीला कुठं विचारतात, तुला कुठं जायचं होतं का म्हणून.

तिला जायचं होतं. शेजारच्या प्रतिभानं शब्द टाकला होता. मोरिवलीला, औषधांच्या कारखान्यात, पॅकिंगला. सोमवारी सकाळी आठला हजर. आज शुक्रवार. चार दिवस हे सांगायचं वाक्य ती जिभेवर घेऊन फिरत होती. आणि आज पायऱ्या चढताना तिनं मनाशी ठरवलं होतं, बाटल्या मांडायच्या नाहीत. त्याचं तिच्यावाचून निभलं, तर घरी जाऊन हसत सांगायचं.

जुनं पाणी काढून वाट्या धुऊन झाल्या, तेव्हा तिनं पिशवी नुसती त्याच्या गुडघ्याशी ठेवली.

त्यानं डावीकडं हात नेला. फरशी. मध्ये, फरशी. मग पिशवीत हात घालून एक बाटली काढली, हलवली, खिडकीकडं धरली. तिच्यातून हिरवा उजेड त्याच्या गालावर पडला.

"कुमुद, ही कुठली गं?" मग घाईनं, हसून, "तुझी परीक्षा घेतोय."

खोलीत पाय हलवायला जागा नव्हती. एकीकडं भिंत, एकीकडं टीव्ही, मध्ये हा माणूस, वाट बघत.

"बरं, झोपलीस वाटतं," म्हणत त्यानं लाल ट्यूबची वाटी पुढं घेतली आणि ती हिरवी धार तिच्यात ओतली. एक थेंबही सांडला नाही. इतकं सुबक काम तिनं त्याचं कधी बघितलं नव्हतं. मग उरलेल्या दोन्ही बाटल्याही, मिळतील तशा.

"आता बुडबुडे बसेपर्यंत अर्धा तास," तो भिंतीला टेकला. "हरेशभाई, आज हिरोच्या मिशा मोजून घ्या."

"आधी लाव तर!"

अर्धा तास. कुमुदिनी बुडबुडे बघत राहिली. एकेक वर यायचा, काचेला टेकायचा, फुटायचा. संदीप तिच्या खांद्याला खांदा लावून बसला होता, समाधानानं, चहाचा कप दोन्ही हातांत धरून. कपाच्या कडेला मुंगी होती. त्याला ती दिसली नाही. कुमुदिनीनं बोटानं काढली.

"झालं," तो उठला. हात भिंतीवरून सरकत बटणाकडं गेला.

तिनं त्याचं मनगट धरलं.

"काय झालं?"

"नका लावू."

"का गं?"

टीव्हीच्या पलीकडं हरेशभाईंच्या चपलांची चुळबुळ थांबली. ते ऐकणार होते. ऐकू देत.

"लालमध्ये हिरवं गेलंय," ती म्हणाली. "तुम्हाला दिसत नाही. मला दिवाळीपासून माहीत आहे. रांगोळी काढली होती मी. आता हे सगळं आपण उपसू, पुन्हा भरू, मी सांगते तसं. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊ. आणि सोमवारपासून मी तुमच्यासोबत येणार नाही, मला मोरिवलीला काम लागलंय."