खोलूशेठचा सायलेन्सर

खोलूशेठचं खरं नाव त्यांच्या दुकानाच्या पाटीवरसुद्धा पुसट झालं होतं. दुकान गाद्यांचं, पण दिसेल ती वस्तू खोलायची हौस दांडगी, म्हणून गल्लीने त्यांना हे नाव बहाल केलं. घरातला मिक्सर त्यांनी खोलला, तेव्हापासून तो वाटण कमी करतो आणि छतावर जास्त उडवतो. कपडे धुण्याचं मशीन खोललं, ते धुता धुता चालत दारापर्यंत यायला लागलं. पंख्याचं काय झालं ते घरात कोणी बोलत नाही.

अशा माणसाने दुकानाच्या म्हाताऱ्या पिकअपचं इंजिन स्वतः बांधायला काढलं, तेव्हा नाक्यावरच्या मेकॅनिकने हातच जोडले. "शेठ, रिंगा गेल्यात, बेअरिंग गेलीत, सायलेन्सरला भोक पडलंय. भंगारात द्या, गाडी दुवा देईल." त्याचंही खरं होतं. गाडी निळा धूर ओकत कोपऱ्यावर वळली, की घरातल्या कपबश्या खुळखुळून सांगायच्या, शेठ आले.

पण शेठच्या मनात वेगळंच होतं. त्यांची आई आणि त्यांची बायको यांच्यातून विस्तव जात नसे. शेठनी उंबऱ्यात पाय ठेवला, की एका कानात "अरे, तुझ्या बायकोने आज…" आणि दुसऱ्या कानात "अहो, तुमच्या आईंनी आज…" दोन्ही कान भरले की शेठ मागच्या शेडमध्ये पळायचे. आपण मध्ये उभे आहोत म्हणून हे घर टिकलंय, अशी त्यांची पक्की समजूत होती. आता पिकअपला पुढे एकच लांब सीट. तिघं बसली तर सासू-सुनेला खेटूनच बसावं लागणार. गाडी धड झाली की दोघींना बसवून तळ्यापर्यंत न्यायचं. चालत्या गाडीतून कोणी रुसून उठून जात नाही. तळं येईपर्यंत एक तरी गोड शब्द निघेलच, आणि एकदा सुरुवात झाली की झालं. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

त्यांनी तुळईला साखळीची कप्पी टांगून इंजिन बाहेर काढलं. सिलिंडर लेथवाल्याकडून घासून आणले, नवे पिस्टन आणि रिंगा घातल्या, व्हॉल्व्ह हाताने घासत बसले. एक पिस्टन उलटा बसवला होता, तो निमूटपणे परत काढला. मिक्सरला जो धीर मिळाला नव्हता तो इंजिनाला मिळाला, कारण या वेळी काम हौसेचं नव्हतं. डोळ्यांत तेल घालून काम केलं. थोडं खरोखरच गेलं. घरातून भांड्यांची आदळआपट ऐकू आली, की शेठ आणखी जोमाने पाना चालवायचे. शेवटी नवा सायलेन्सर चढवला आणि किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं की नाही हे बघायला त्यांना बॉनेटवर हात ठेवावा लागला.

"एक चक्कर मारून येतो," असं सांगून शेठ एकटेच निघाले. धूर नाही, खडखड नाही. आता परतताना दोघी दारात उभ्या असतील, दोघी एकदम "वा!" म्हणतील, असं मनात मांडत ते घरी आले आणि गाडी खिडकीखाली लावली. दारात कोणी नव्हतं. कपबश्यांनी तोंड उघडलं नव्हतं. शेठ खट्टू झाले. त्यांनी हॉर्नकडे हात नेला, तेवढ्यात आतून हसू ऐकू आलं.

आई आणि बायको एका सोफ्यावर, एका चादरीत पाय खुपसून शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आई, आज कशावरून भांडायचं?" बायको विचारत होती.

"मीठ काढ. बरेच दिवस झाले मिठाला."

"परवाच झालं की. तुम्ही रडलातसुद्धा."

"हो गं बाई. मग टॉवेल. तू माझा टॉवेल घेतलास."

"चालेल. पण आई, गाडी झाली. आता शेडमध्ये काम काय उरलं? काल फ्रीजवरून हात फिरवत होते."

"देवा!" आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "ठोकाठोकी चालू होती तोवर कसं निवांत होतं."

"कधी कधी वाटतं, सांगून टाकावं त्यांना. वाईट वाटतं हो."

"सांगू नकोस. त्याला वाटतं, तो मध्ये आहे म्हणून घर चाललंय. वाटू दे. गाडीचा आवाज आला की तू पातेलं आपट."

शेठ स्टिअरिंगला धरून बसून राहिले. आधी राग आला. मग फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्या गोडीसाठी जिवाचं रान केलं, ती घरात होतीच, फक्त ते नसताना. त्यांनी गाडी मागे घेतली. आत कोणाला कळलं नाही, इतकं इंजिन उत्तम झालं होतं.

कोपऱ्यावर ते गाडीखाली शिरले आणि सायलेन्सरच्या जोडाचे नट सैल केले. अंगठा चांगलाच भाजला. मग सगळी गल्ली हादरवत ते घरी आले. आत पातेलं वाजलं.

"अरे, तुझ्या बायकोने माझा टॉवेल घेतला!"

"अहो, टॉवेलवर काय नाव लिहिलंय का, विचारा त्यांना!"

एक या भिंतीला, दुसरी त्या भिंतीला. शेठनी गादीवाल्याच्या नजरेने सोफ्याकडे पाहिलं. दोन खळगे होते, अगदी लागून. तरी एकदा विचारून बघावं, असं त्यांना वाटलं.

"चला, दोघी बसा पुढे. तळ्यावर जाऊन येऊ."

"हिच्या शेजारी?"

"त्यांच्या शेजारी?"

दोघी एका सुरात म्हणाल्या.

"आवाज अजून तसाच आहे वाटतं," बायकोने जरा आशेने विचारलं. ती फ्रीजला पाठ लावून उभी होती.

"आहे. पुन्हा खोलावं लागेल."

"खोल, खोल," आई म्हणाली. "सावकाश खोल. घाई कसली?"

शेठ शेडमध्ये गेले. सायलेन्सरचे नट आवळले आणि बॉनेट उघडून उभे राहिले. इंजिनात हात घालावा असं कुठे काही उरलं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी जुना पिस्टन बाकावर ठेवला, पाना उचलला आणि एक ठोका मारला. दुसरा मारला, तिसरा मारला. मग खिडकीतून हळूच हसू आलं, आधी सुनेचं, मागोमाग सासूचं.

भाजलेला अंगठा सांभाळत शेठ ठोकत राहिले.