ताईचा परलोक

घरात कुणी अंथरुणाला खिळलेलं असलं की भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते, हे तुम्हाआम्हाला नवीन नाही. येतात, खुर्ची ओढतात, पेशंटकडे बघून चुकचुकतात आणि न विचारता सल्ला देतात. आधी सल्ले असतात डॉक्टर बदलण्याचे. मग डॉक्टरांनीच हात टेकले की मंडळी थेट पलीकडच्या प्रवासाची तयारी करून द्यायला लागतात. जणू काही परवाच तिकडे जाऊन आलेत!

थोरलीच्या घरी मात्र असल्या पाहुण्यांची गरज नव्हती. ते काम ती स्वतःच करत होती.

थोरली म्हणजे टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झालेली, तोंडाने फटकळ पण मनाने उदार बाई. धाकटी तिची एकुलती एक बहीण. धाकटीने शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुण्यात आणि बाटल्यांवर नावं चिकटवण्यात उभा जन्म घालवला. लग्न झालं होतं, पण नवऱ्याला सोडून आली ती आलीच. का सोडलं, हे तिने धड कुणाला सांगितलं नाही. ‘जमलं नाही’ एवढंच म्हणायची. पोटातला आजार हाडांपर्यंत पोचला तेव्हा थोरलीने तिला आपल्या घरी आणलं, मागच्या खोलीत खिडकीशी पलंग लावला, आणि तिचं सगळं केलं, अगदी नाक न मुरडता केलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल की बाई दुष्ट होती. दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर ही गोष्ट लिहायचे कष्ट मी घेतले नसते.

डॉक्टरांनी वेदनेवर एक पातळ औषध दिलं होतं. ठरल्या वेळी जिभेखाली सोडायचं. ‘वेळ चुकवू नका,’ त्यांनी थोरलीला बजावलं होतं. ‘दुखणं एकदा वर चढलं की खाली आणताना फार जड जातं.’ औषधाने धाकटीला गुंगी यायची, शब्द जड व्हायचे, पण दुखायचं नाही. अधूनमधून जागी असली की ती सगळ्यांची चेष्टा करायची, स्वतःची जरा जास्तच.

तर एका सकाळी थोरली तिचे केस विंचरता विंचरता म्हणाली, “त्याला माफ करून टाक गं.”

“कुणाला?”

“तुझ्या नवऱ्याला.”

धाकटी हसली. “ताई, मी मरतेय. उगाच कामं लावू नकोस.”

“म्हणूनच सांगतेय. मनात राग ठेवून गेलं की जीव पलीकडे पोचत नाही. दाराशीच अडकतो. ना इकडचा ना तिकडचा. आमच्या प्रार्थनामंडळात सगळ्यांना ठाऊक आहे हे.”

“तुमच्या मंडळातलं कोण अडकून परत आलंय सांगायला?”

“थट्टा नको करू.”

“बरं, नाही करत. पण मला पलीकडे कुठे जायचंच नाहीये गं. माझ्या लेखी दिवा विझला की विझला. जिला जायचंच नाही ती दाराशी अडकेल कशाला?”

थोरलीचा कंगवा थांबला. “तू मान नाहीतर नको मानूस. नियम सगळ्यांना सारखाच. आग मानली नाही म्हणून हात भाजायचा राहतो का?”

दारात थोरलीचा नवरा डबा घेऊन दुकानाला निघण्याच्या बेतात उभा होता. धाकटी त्याला भाऊजी म्हणे, म्हणून आपणही भाऊजीच म्हणू. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. देवापुढे हात जोडल्याशिवाय त्या माणसाने कधी घराचा उंबरा ओलांडला नाही. थोरलीपेक्षा त्यांची श्रद्धा काकणभर जास्तच.

“आगीत भाजलेला हात मी पाहिलाय,” भाऊजी म्हणाले. “दाराशी अडकलेला जीव तूही पाहिलेला नाहीस, मीही नाही. आपण तो मानतो. मानतो म्हणजे आपल्या जिवावर मानतो. तिच्या जिवावर कसं मानायचं?”

“म्हणजे खोटं आहे सगळं?”

“खोटं कुठे म्हणतोय! मला त्यातून धीर मिळतो, तुला मिळतो. पण माझ्या नंबरचा चष्मा गिऱ्हाइकाच्या नाकावर बसवला आणि वर म्हणालो, तुला स्वच्छ दिसतंय, दिसलंच पाहिजे, तर ते गिऱ्हाईक मला जोड्याने मारेल.”

“दुकानातली उदाहरणं दुकानात ठेवा,” थोरली म्हणाली आणि कंगवा पुन्हा चालू केला. धाकटीने भाऊजींकडे बघून डोळा मारला. भाऊजी हसत हसत निघून गेले. त्या दिवशी ते हसण्यावारी नेलं नसतं तर बरं झालं असतं.

कारण थोरलीच्या डोक्यातून ते गेलं नव्हतं. दिवसाउजेडी, कामात असतानाही तिला ते दार दिसायचं आणि दाराशी एकटी उभी असलेली धाकटी दिसायची. बहिणीवर तिचा जीव होता, यात शंका नाही. पण समोर पलंगावर पडलेल्या बहिणीपेक्षा त्या दाराशी उभ्या बहिणीची काळजी तिला जास्त वाटायला लागली, आणि सगळं बिनसलं ते तिथे.

तिने धाकटीच्या नवऱ्याचा ठावठिकाणा काढला आणि त्याला फोन केला. तो तर तयारच बसला होता! उतारवय झालेलं, छातीचं दुखणं मागे लागलेलं, त्यालाही आता पलीकडची धास्ती पडलेली. “मलाही झोप लागत नाही हो ताई,” तो म्हणाला. “तिने तोंडाने एकदा माफ केलं म्हटलं की मी सुटेन.” त्याने धाकटीला कितपत दुखतं ते विचारलं नाही. थोरलीच्याही ते लक्षात आलं नाही.

अडचण एकच होती. औषध घेतलं की धाकटी गुंगीत असायची. आणि मंडळात सांगितलेलं असं, की माफी पूर्ण शुद्धीत द्यावी लागते, तरच ती तिकडे धरली जाते.

म्हणून त्या दुपारी थोरलीने औषध दिलं नाही.

आधी धाकटीला वाटलं, ताई विसरली. “ताई, वेळ झाली गं,” ती म्हणाली. थोरली म्हणाली, “देते हं.” जरा वेळाने धाकटी पुन्हा म्हणाली. थोरली पुन्हा म्हणाली, “देते.” मग धाकटी बोलायची थांबली, कारण बोलायला श्वास पुरेना. पाय पोटाशी घेतले तरी दुखत होतं, सोडले तरी दुखत होतं. चादरीचा नुसता स्पर्शही तिला सोसवेना. कपाळावरचा घाम थोरली मायेने टिपत होती. औषधाची बाटली मात्र पदराआड धरून बसली होती.

धाकटीचा नवरा आला. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस. लग्नाला निघाल्यासारखा. पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून त्याने हात जोडले आणि पाठ केल्यासारखं म्हणाला, “माझ्या हातून जे काही झालं असेल त्याची मी माफी मागतो.”

धाकटीने त्याला पाहिलं. मग बहिणीला पाहिलं.

“ह्याला कुणी बोलावलं?”

“मी. तुझ्या भल्यासाठी. एकदाच म्हण, माफ केलं. सुटशील.”

“औषध दे.”

“देते ना. आधी म्हण.”

“ताई, औषध!”

“अगं, औषध घेतलंस की भान राहत नाही तुला. एक शब्द बोल, लगेच देते. बघ, हातातच आहे माझ्या.”

वाचकहो, तो क्षण मला धड लिहवत नाही. कमरेत वाकडी झालेली ती बाई, जिने आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही, ती सख्ख्या बहिणीच्या हातातल्या बाटलीकडे बघत होती. तिने ओठ चावला तो रक्त येईपर्यंत. ती तशीच थोडा वेळ तगली. नवऱ्याने एकदा घड्याळात पाहिलं. मग खोलीत एक आवाज झाला, तो धाकटीचा आहे हे थोरलीलाही पटकन कळलं नाही.

“केलं! केलं माफ! दे आता!”

थोरलीच्या डोळ्यांना धार लागली. आनंदाने, बरं का! तिने औषध दिलं, बहिणीचं कपाळ चुंबलं, नवऱ्याला दारापर्यंत पोचवलं. तो तर पायऱ्या तरुणासारखा उतरून गेला. पण औषधाला उशीर झाला होता, आणि डॉक्टर म्हणाले होते तसं दुखणं वर चढून बसलं होतं. संध्याकाळपर्यंत धाकटी कण्हत राहिली.

भाऊजी दुकानातून आले तेव्हा थोरली उजळलेल्या चेहऱ्याने सामोरी गेली. “सुटली हो माझी बहीण! सगळं मनातलं निघून गेलं!” आणि तिने घडलं ते सारं सांगितलं. काही लपवलं नाही, कारण लपवण्यासारखं काही केलंय असं तिला वाटतच नव्हतं.

भाऊजींनी पायातले जोडेही काढले नव्हते. त्यांनी एवढंच विचारलं, “ती ‘माफ केलं’ म्हणाली तेव्हा बाटली कुणाच्या हातात होती?”

“माझ्या.”

“आणि ती नाही म्हणाली असती तर?”

थोरलीने पदर सारखा केला.

“बोल ना! ती नाहीच म्हणत राहिली असती, तर किती वेळ तळमळू दिली असतीस?”

“तुम्ही असं काय बोलता? तिच्या पुढच्या...”

“पुढचं कुणी पाहिलंय!” भाऊजी ओरडले. इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस पहिल्यांदा ओरडला. “मीही पुढचं मानतो. जन्मभर मानत आलोय. पण जे पाहिलं नाही त्याच्यासाठी डोळ्यांसमोरच्या माणसाला पिळून काढायचं? अशी पिळून काढलेली माफी तुझ्या त्या दारावर चालत असेल ना, तर मला नाही जायचं त्या दारातून!”

“भाऊजी.”

आतून आवाज आला. दोघं खोलीत गेली. औषध उशिरा का होईना, लागू पडलं होतं. धाकटीचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे उघडे होते.

“भाऊजी, नका ओरडू. शेजारी ऐकतील, आणि भेटायला येतील,” ती म्हणाली. मग बहिणीकडे वळली. “बस इथे. तुला कधी सांगितलं नव्हतं, आता सांगते. तो मला अडगळीच्या खोलीत कोंडायचा. बाहेरून कडी. म्हणायचा, चुकले म्हण, की उघडतो. मी म्हणायचे. चुकलेलं काही नसायचं गं, पण तहान लागायची. आत अंधार असायचा. त्याला माझ्या तोंडून तेवढा एक शब्द हवा असायचा, आणि तो मिळाला की त्याला अगदी बरं वाटायचं. आज तो नुसता उभा होता. कडी आज तुझ्या हातात होती.”

थोरली पलंगाच्या कडेवरून खाली घसरली आणि जमिनीवर बसली. टेलिफोन ऑफिसात शेकडो लोकांशी वाद घालून जिंकलेली ती बाई, तिने बहिणीचे पाय धरले.

“मला माफ कर गं. मला माफ कर!”

धाकटी तिच्याकडे बघून म्हणाली,

“खरं सांगू, ताई? मनापासून माफ करायला मला वेळ लागेल. तेवढा वेळ माझ्याकडे आहे असं वाटत नाही. आणि खोटं आज एकदा बोलून झालंय.”

थोरलीने तोंड उघडलं. ‘अगं, मग तू अडकशील,’ हे शब्द अगदी जिभेवर आले होते. आयुष्यात पहिल्यांदाच तिने ते गिळले. ती उठली, डोळे पुसले आणि विचारलं, “आत्ता दुखतंय का?”

“थोडं.”

“पुढचं औषध वेळेवर देईन.”

आणि तिने दिलं. त्यानंतर एकदाही वेळ चुकली नाही. पलीकडचा विषय त्या खोलीत पुन्हा निघाला नाही. धाकटी आणखी काही दिवस जगली. भाऊजींशी चेष्टामस्करी करायची. थोरलीशी नीट बोलायची, पाणी दे, उशी सरकव, एवढंच. एका सकाळी ती गेली. थोरलीला तिने माफ केलं नव्हतं. शेवटच्या क्षणी तिचा हात हातात घेतला वगैरे असं काही घडलं नाही. तुम्हाला हवं होतं, मला ठाऊक आहे. मलाही हवं होतं.

पुढे प्रार्थनामंडळातल्या बायका सांत्वनाला आल्या. खुर्च्या ओढल्या, चुकचुकल्या. त्यांतल्या एकीने थोरलीचा हात थोपटत विचारलं, “पण शेवटी सगळ्यांना माफ करून गेली ना? तेवढं एक बरं झालं.”

‘हो’ म्हणून टाकणं किती सोपं होतं! थोरली म्हणाली, “नाही. मला माफ न करता गेली. आपण म्हणतो तसं दार असेल, तर माझी बहीण तिथे माझ्यामुळे उभी आहे. आणि दार नसेल, तर नसलेल्या दारापायी मी तिचे हाल केले. मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. कुठूनही माझी सुटका होत नाही.”

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. “मी प्रार्थना सोडणार नाही,” थोरली म्हणाली. “माझं मरण येईल तेव्हा मी माझ्या मनातलं सगळं सोडवूनच जाईन. पण आपल्यापैकी कुणाच्या घरी कुणी आजारी असेल, तर त्याचं मरण आपलं समजू नका. हात जोडून सांगते.”

मंडळी, मेल्यावर काय होतं ते तुम्ही खुशाल माना. स्वर्ग माना, पुढचा जन्म माना, काहीच नाही असं माना. त्या मानण्याने तुमच्या स्वतःच्या शेवटच्या घटका सुखाच्या होणार असतील तर त्याहून चांगलं काय! पण तुमची श्रद्धा तुमच्या कातडीच्या आत राहते. तिच्या नावाने दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा अधिकार नवऱ्याला नाही, बापाला नाही, आणि जीव लावणाऱ्या बहिणीला तर मुळीच नाही. मरणाऱ्याच्या उशाशी बसायची वेळ आली तर त्याला दुखतंय का, एवढं विचारा, आणि तो हो म्हणाला तर उठून औषध द्या.