एका झिजलेल्या तारेचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी बोटभर लांबीची एक जुनी तार आहे. प्लॅटिनमची, म्हणजे फार महागड्या धातूची. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझी हयात गेली. पाण्यात वीज सोडली की त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटे होतात. हे काम थोड्या विजेत व्हावं म्हणून उत्प्रेरक धातू लागतो. हायड्रोजन काढण्यात माझा हात धरणारं कुणी नाही, पण माझी किंमत परवडत नाही. म्हणून निकेलसारख्या स्वस्त धातूकडून हे काम करून घ्यायचं, असं इथं संशोधन करणाऱ्या, भवानी पेठेतल्या आफरीननं मनावर घेतलं.

हायड्रोजन काढायचा तिच्या निकेलच्या जाळीनं. विजेचा फेरा पुरा व्हावा म्हणून त्याच भांड्यात समोर मी उभी.

दीड वर्ष काही जमेना. जाळीवर चढवलेला लेप कधी तासाभरात पोपडे धरून सुटायचा, कधी टिकायचा पण काम करायचा नाही, म्हणून पहिल्याच दिवशी बाद व्हायचा. नळाला पाणी नसलं की शुद्ध पाण्याचं यंत्र बंद. मध्येच वीज गेली की चाचणी पुन्हा पहिल्यापासून. आफरीन वहीतल्या नमुन्यावर इतक्या जोरात काट मारायची की पान फाटायचं.

बेचाळिसावा नमुना मात्र चालला. पहिल्या दिवशी बरा, दुसऱ्या दिवशी त्याहून बरा, पाचव्या दिवशी थेट माझ्या तोडीचा. तिचे मार्गदर्शक रुद्रप्पा सर खूश झाले.

"झालं की गं काम. आता शोधनिबंध लिहायला घे."

"सर, वापरून वापरून वस्तू झिजते. हा नमुना सुधारतोय कसा?"

आफरीननं मला बाहेर काढलं, धुतलं, वाळवलं आणि नाजूक काट्यावर ठेवलं. तीनदा वजन केलं. तिन्ही वेळा मी कामाला लागण्याआधीच्या वजनापेक्षा हलकी भरले.

मित्रांनो, काम करताना मी कणाकणानं विरघळत होते आणि तिच्या जाळीवर जाऊन बसत होते. निकेलचं म्हणून जे कौतुक चाललं होतं, ते माझं होतं. मला तेव्हा वाचा असती तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

"बाकीचेही समोर प्लॅटिनमच लावतात," सर हळूच म्हणाले. "कोण विचारणार आहे?"

"मी विचारलं की सर."

सरांनी वहीतले पाच दिवसांचे आकडे पुन्हा एकदा पाहिले. मग म्हणाले, "जा, ग्रॅफाइटची कांडी घेऊन ये."

माझ्या जागी कांडी आली; पेन्सिलीतल्या शिशासारखा तो कार्बन, झिजून जाळीवर बसला तरी तिला उसनं बळ देत नाही. लेपही त्याच पद्धतीनं नवा चढवला. पाचव्या दिवशी हायड्रोजनचा आकडा आला तो माझ्या पाव हिश्श्याएवढासुद्धा नव्हता. आफरीननं हातमोजे टेबलावर आपटले आणि तोंड फिरवून उभी राहिली. थोड्या वेळानं परतली, तो आकडा शाईनं लिहिला आणि सरांच्या सांगण्यावरून लिहायला घेतलेला निबंध फाडून टाकला.

आज मी डबीत असते. तिचा एकोणसत्तरावा नमुना चालू आहे. माझ्या निम्म्यानंही तो काम करत नाही, पण आठ दिवसांत खाली घसरलेलाही नाही. आफरीन आणि सर, दोघांतलं कुणी अजून हसलेलं नाही.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. स्वतःचं काम मोजायला बसाल, तेव्हा माझ्यासारखीला आधी भांड्याबाहेर काढा. मग येईल तो आकडा कितीही लहान असो, त्याला जपा. तो तुमचा असेल.