कड्यावरचा लहान हात

मर्टल आपल्या जावयाशी बोलत नसे. भांडण काहीच नव्हतं. क्लिफ्टनसारखा जावई सगळ्या वस्तीत शोधून सापडला नसता. पण उत्तर ऑस्ट्रेलियाच्या त्या मुलखात सासू आणि जावई एकमेकांकडे बघत नाहीत, बोलत नाहीत. तो मान असतो, आणि मर्टल मानाच्या बाबतीत फार कडक होती. तेव्हा गाडी क्लिफ्टन चालवत होता, मर्टल मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली होती, आणि निरोप्याचं काम अ‍ॅडलेडहून आलेल्या रोशेलच्या गळ्यात पडलं होतं.

"त्याला सांग, ओढ्यात सावकाश घाल. माझी हाडं बाजारात मिळत नाहीत."

"क्लिफ्टन, मावशी म्हणते की..."

"ऐकलं. तिला सांग, ओढा काही माझ्या बापानं खणला नाही."

"मावशी, तो म्हणतो..."

"मला कान आहेत गं," मर्टल म्हणाली. "पण तू सांगायचंच. तू सांगितलं नाहीस तर मी ऐकलंच नाही असं होतं."

रोशेल खळखळून हसली. आल्यापासून पहिल्यांदाच हसली ती. मर्टलला बरं वाटलं, आणि लगेच तिनं तोंड पुन्हा खिडकीकडे केलं.

रोशेल तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. ही थोरली गेल्या पावसाळ्यात तिकडे अ‍ॅडलेडला वारली. लहानपणी तिच्या पाठीवर एक बधिर चट्टा उठला होता; त्या काळात असा चट्टा दिसला की माणसाला कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात नेत, समुद्राकाठी, लांब. ती तिथं बरी झाली, तिथल्याच एका पोराशी लग्न करून दक्षिणेला गेली, आणि परत यायचं आज-उद्या करत आयुष्य सरलं. मुलीला मात्र ती एक गोष्ट नेमानं सांगायची: माझा हात आपल्या कड्यावर आहे. अगदी शेवटच्या आजारातही, दुसरं काही आठवेनासं झालं तरी, हे आठवत होतं. तो हात बघायला रोशेल आली होती.

आणि मर्टलला ठाऊक होतं की तो हात तिथं नाही. त्यांच्या घराण्याचा त्या पिढीतला एकच लहान हात कड्यावर होता, आणि तो खुद्द मर्टलचा होता. हे कुठल्या तोंडानं सांगायचं? एकुलत्या एका बहिणीची एकुलती एक पोर. हात नाही म्हटल्यावर ती कशाला परत येईल इथं? उद्या सकाळचं तिचं विमान होतं. चहा करताना सांगू, कासव भाजताना सांगू, असं म्हणता म्हणता कडा समोर येऊन उभा राहिला होता.

क्लिफ्टननं गाडी सावलीत लावली, सासूकडे पाठ करून झाडाखाली बसला आणि टोपी डोळ्यांवर ओढली. कड्याशी मर्टलनं रोशेलला थांबवलं. आपल्या काखेतला घाम तळव्यावर घेतला आणि तिच्या कपाळाला, दंडांना, मानेला फासला.

"ईऽ, मावशी!"

"ई काय? कुठला तो साबण लावलायस, फुलाफुलांचा! इथले गेलेले म्हातारे तुला ओळखतील कसे? आता माझा वास येतोय. गप उभी राहा."

मग तिनं कड्याकडे तोंड करून खणखणीत हाक दिली, तिच्या बोलीत. आम्ही आलोय म्हणाली. ही आपली पोर आहे, लांब वाढलीय, हिला काही कळत नाही, हिच्यावर रागावू नका.

रोशेलला भरून आलं. तीही पुढं झाली आणि तितक्याच मोठ्यानं ओरडली, "मी तुमच्या...ची मुलगी आहे!" आणि आईचं नाव घेतलं.

मर्टलनं झडप घालून तिच्या तोंडावर हात दाबला. झाडाखाली क्लिफ्टननं टोपी कानांवर ओढली. गेलेल्या माणसाचं नाव तिथं वर्षानुवर्षं कुणी उच्चारत नाही. उच्चारलं तर ते माणूस वळून बघतं, पुढं जाणं विसरतं. वस्तीत त्याच नावाची दुसरी एक बाई होती, तर पावसाळ्यापासून तिलाही सगळे नुसतं 'ए बाई' म्हणत होते. तेव्हा ते नाव मीही इथं लिहीत नाही.

"मग तिला म्हणू तरी काय?" रोशेलचे डोळे भरले. "नाव घ्यायचं नाही, फोटो लावायचा नाही. मला धरायला काहीतरी द्या ना!"

"आहे ना," मर्टल म्हणाली. "वर आहे." आणि म्हणाल्यावर तिनं जीभ चावली.

कड्याच्या पोटात, पुढं आलेल्या दगडाखाली, भिंतभर चित्रं होती. मासे, त्यांच्या पोटातल्या हाडांसकट. कासवं. पळणारी माणसं, किती जुनी ते दगडालाच माहीत. आणि सगळीकडे हात. दगडावर तळवा टेकवायचा, तोंडात कालवलेली पांढरी माती त्यावर फुंकायची. हात उचलला की पांढऱ्यात हाताएवढा दगड कोरा उरतो. खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक इवलासा हात होता.

रोशेल त्याच्यासमोर बसली. चित्राला बोट लावायचं नसतं एवढं तिला कळत होतं. तिनं आपला तळवा समोर, हवेतच धरला.

"हा माझ्या आईचा हात?"

आता त्यांच्या बोलीत मावशीला वेगळा शब्दच नाही. आईची बहीण ती आईच. थोरली असो, धाकटी असो. मर्टलनं तो शब्द दोरीसारखा पकडला.

"हो," ती म्हणाली. "तुझ्या आईचाच."

बोलीच्या हिशेबानं यात काडीचंही खोटं नव्हतं. पण पोर तर बोली जाणत नव्हती. ती ढसाढसा रडायला लागली. "किती लहान होती गं ती," असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मर्टल भिंतीकडे बघेना. नुकतीच ज्यांना हाक मारून आली, त्यांच्यासमोर शब्दांची ही चलाखी. तिला स्वतःचीच शिसारी आली.

"चल, वर चल," ती म्हणाली. "माथ्यावर वारा आहे."

माथ्यावरून सगळा मुलूख दिसत होता. पाणथळ मैदान हिरवंगार पसरलेलं, मधून पाण्याच्या वळणावळणाच्या रेघा, त्यावर हजारो हंसांचा कलकलाट. पलीकडे कुणीतरी दरवर्षीच्या रीतीनं वेळेवर गवत पेटवलं होतं, त्याचा धूर सरळ वर चढत होता. मर्टलला दम लागला होता. ती दगडावर टेकली आणि एकदाचं बोलून मोकळी झाली.

"रोशेल, खालचा तो हात माझा आहे."

रोशेल वळली. "काय?"

"मी तुझी आईच लागते, म्हणून तसं म्हटलं. पण तुला काय विचारायचं होतं ते मला चांगलं कळलं होतं. तुझ्या आईचा हात तिथं नाही पोरी. मला सांगवेना."

रोशेलनं तोंड हंसांकडे फिरवलं. मग रोशेल म्हणाली, "म्हणजे ती खोटं बोलत होती. जन्मभर." तिचा आवाज रागाचा नव्हता, आणि ते मर्टलला जास्त लागलं.

"तिला खोटारडी म्हणू नकोस. तिला न्यायला गाडी येणार होती, त्याच्या आदल्या दिवशी वडिलांनी आम्हा दोघींना इथं आणलं. दोघींचे हात उठवायचे म्हणून माती कालवली होती. ती म्हणाली, हिचा उठवा. माझा मी परत आल्यावर. वडील विनवत होते, ती हटून बसली. म्हणाली, इथलं काहीतरी काम बाकी ठेवू दे मला, म्हणजे तिकडचे लोक मला ठेवून घेणार नाहीत."

"केवढी होती?"

"नऊ-दहाची. मी तर नुसतं शेंबडं पोर. दगड गार लागला म्हणून मी भोकाड पसरलं, हात टेकेचना. वडील तोंडात माती घेऊन फुगलेल्या गालांनी बसलेले, बोलता येईना. तेव्हा तिनंच मला धरलं. असं." मर्टलनं रोशेलचं मनगट आपल्या मुठीत घट्ट पकडलं. "असं धरून दाबून ठेवलं, आणि वडिलांनी फुंकलं. दुसऱ्या दिवशी गाडीत बसली तेव्हा तिच्या नखांत पांढरी माती..."

दोघी त्या पकडलेल्या मनगटाकडे बघत होत्या.

"मावशी," रोशेल हळूच म्हणाली, "वडिलांनी फुंकलं तेव्हा तिनं हात काढला होता?"

मर्टल झटकन उठली. गुडघ्यांची तक्रार न करता ती कडा उतरली; रोशेललाच तिच्यामागं धावावं लागलं. भिंतीशी येऊन म्हातारी सरळ पालथी पडली आणि त्या लहान हातापाशी डोळे नेले.

तळव्याच्या खाली, मनगटापाशी, पांढऱ्याची कड वेडीवाकडी होती. वडिलांचं फुंकणं तिथं फसलं असंच मर्टल आजवर समजत आली होती, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना हसून तसं सांगतही आली होती. आता नीट पाहिलं. मनगटाच्या एका कडेला बोटांच्या पेरांचे चार उंचवटे ओळीनं, दुसऱ्या कडेला अंगठ्याचा एक. आणि तिथून बाजूला, मातीत पुसट होत गेलेली, कोऱ्या दगडाची एक बारीक पट्टी. दुसऱ्याच कुणाचं तरी मनगट.

रोशेल तिच्याशेजारी दगडावर आडवी झाली. मग मर्टलनं आपलं सुरकुतलेलं मनगट दुसऱ्या हातानं चाचपलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं, आणि तिला रडू फुटलं. पावसाळ्यात बातमी आली तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती.

"बघ गं," ती म्हणाली, "सोडलेलं नाही तिनं मला अजून."